विळ्याच्या आकाराची पेशी

लोणारच्या कड्यावर उभं राहिलं की आधी पाणी दिसतं. ते पाणी कुठंच वाहत जात नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर चहूबाजूंनी बंद आहे. पावसाळी ओहोळ आत उतरतात, धारेच्या झऱ्याचं गोडं पाणी आत येतं. बाहेर जायला मात्र वाफ होऊन उडण्यावाचून वाट नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. असं युगानुयुगं साचत गेलं म्हणून तळं खारट झालं आणि त्या खारटपणात तगतील असेच जीव त्यात टिकले. जून २०२० मध्ये तळं गुलाबी दिसू लागलं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की ही मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची, हॅलोआर्किआंची करणी आहे.

या विवराची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक जाणकार ते ज्वालामुखीचं मानत राहिले. सगळं पठारच लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं. दुसरं काय सुचणार? १९७३ मध्ये कुर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की इथल्या खडकात मॅस्केलिनाइट आहे. प्रचंड आघातानं स्फटिकाचीच काच होते, ती ही. सूक्ष्मदर्शकाखालच्या एवढ्याशा कणानं उल्केची साक्ष दिली आणि जुना समज मोडला.

ही गोष्ट आम्हा लोणारकरांना पाठ असते. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ती सांगतो. पण याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, नागपुरात, त्याच्या पंधरा वर्षं आधी सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली होती. ती दगडात नव्हती, माणसांच्या रक्तात होती. तिच्यावर हजारो लेकरांचं जगणं-मरणं अवलंबून होतं. ती आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही.

तिची सुरुवात शिकागोत होते. १९०४ च्या डिसेंबरात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. खोकला, ताप, अशक्तपणा, पायांवर जुन्या जखमांचे वण. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त काचपट्टीवर घेतलं, तर गोल तांबड्या पेशींमध्ये लांबट, वाकलेल्या, टोकदार पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हा रुग्ण छापून प्रसिद्ध केला आणि पेशींचं वर्णन करताना विळ्याची उपमा दिली. नोएल शिकून आपल्या बेटावर परतला, तिथं दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियानं गेला. त्याच्या रक्तातली ती पेशी मात्र वैद्यकाच्या पुस्तकात कायमची राहिली.

तिचा उलगडा व्हायला चाळीसेक वर्षं लागली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि हार्वे इटानो यांच्या गटानं या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं, तर ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीनं सरकलं. आजाराचं मूळ एका रेणूच्या घडणीत असू शकतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा सिद्ध झालं. त्याच वर्षी जेम्स नील यांनी दाखवलं, की आजारी मुलाचे आई आणि बाप दोघंही या दोषाचे वाहक असतात. पुढं १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी जागा सापडवली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ दुव्यांपैकी सहावा दुवा. तिथं ग्लुटामिक आम्ल असायचं, त्याच्या जागी व्हॅलिन आलेलं. बाकी १४५ जागच्या जागी. प्राणवायू कमी पडला की या बदललेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरासारखे लांब होतात आणि पेशीला आतून ताणून तिचा विळा करतात. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकतात तिथं असह्य दुखतं.

आता आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहू. माणसामाणसांतला फरक मोजायचं वेड इथंही होतं, पण ते वेगळ्या दिशेचं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकं मोजत होते. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावरून जातीची पायरी ठरते, असा त्यांचा दावा होता: नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. सरकारी शिक्क्यानं छापलेला हा सिद्धांत कितीतरी शिकलेल्या लोकांनी खरा मानला.

त्याला पहिलं खोल उत्तर एका मराठी विद्यार्थ्यानं दिलं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा गाभा वंशात नाही, रंगात नाही, तो लग्नात आहे, असं त्यांनी मांडलं. आपल्यातल्या आपल्यातच सोयरीक करायची, हा नियम म्हणजेच जात. हा नियम टिकावा म्हणून बाईवर काय काय लादलं गेलं, तेही त्या निबंधात आहे. पुढं १९३६ मध्ये त्यांनी विचारलं, की पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचं नातं ते कोणतं? आणि १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना मुंबईच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जमवलेल्या मापांच्याच आधारे त्यांनी रिस्लींची नाकं निकालात काढली.

मला या इतिहासात सर्वांत थक्क करणारं हे वाटतं. आंबेडकरांनी १९१६ मध्ये समाजशास्त्र म्हणून जे सांगितलं, तेच पुढं भारतातल्या आनुवंशिकीचा पाया ठरलं. 'कोण कुणाशी लग्न करतं' हे ठाऊक नसेल, तर इथल्या रक्ताचा नकाशा काढताच येत नाही.

तो नकाशा काढायची हत्यारं पहिल्या महायुद्धात मिळाली. सालोनिकाच्या आघाडीवर देशोदेशीचे सैनिक एकत्र आले होते. लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर जोडप्यानं त्यांचे रक्तगट तपासून १९१९ मध्ये आकडे छापले. हिंदी सैनिकांत बी गट सर्वाधिक निघाला. नाक मोजणारा आपल्या मर्जीनं पट्टी कमी-जास्त करू शकतो. रक्तगटाला मोजणाऱ्याची मर्जी कळत नाही. म्हणून हे माप विश्वासाचं.

मुंबईत ते माप हाती घेतलं टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी. वसंत रामजी खानोलकर हे मूळचे विकृतिशास्त्रज्ञ. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे विषय. पण कर्करोग वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या प्रमाणात का दिसतो, हा प्रश्न त्यांना सोडेना, आणि त्यातून ते माणसांच्या आनुवंशिक फरकांकडे वळले. त्यांचे तरुण सहकारी एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांची सात आनुवंशिक लक्षणं तपासली. १९४९-५० मध्ये छापलेला हा निबंध या प्रकारच्या कामाचा आपल्याकडचा पाया मानायला हरकत नाही. संघवींनी पुढं दोन समाजांमधलं आनुवंशिक अंतर मोजायची एक गणिती रीत सुचवली. १९५३ च्या त्या रीतीला आजही त्यांचं नाव आहे.

याच मुंबईत, १९५२ मध्ये, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांच्यापुढे एक कोडं आलं. तीन माणसांचं रक्त ए, बी, ओ यांपैकी कुठल्याच घरात बसेना. वरवर पाहता ओ, पण ओ रक्त मिसळलं तरी गुठळ्या व्हायच्या. नमुने लंडनला लिस्टर संस्थेत रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्याकडे गेले आणि सर्वांच्या नावानं 'लॅन्सेट'मध्ये टिपण आलं. ए आणि बी ही चिन्हं ज्या पायावर उभी राहतात, तो 'एच' नावाचा पायाच या माणसांत नव्हता. जगानं या गटाला मुंबईचं नाव दिलं: बॉम्बे रक्तगट. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक असा निघतो; युरोपात तो दहा लाखांत एखादा. ही माणसं आजारी नसतात. रक्त द्यायची वेळ आली की मात्र त्यांना त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त लागतं, आणि ते शोधताना नातेवाइकांची धावपळ होते. ओ गटाचा दाता कुणालाही चालतो असं आपण समजतो. यांना तोही चालत नाही.

विळ्याच्या पेशीची भारतातली पहिली खबरही १९५२ चीच. हर्मान लेहमान हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू जीवरसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून भारतात राहून गेले होते. त्यांनी मारी कटबुश यांच्याबरोबर निलगिरीतल्या जमातींचं रक्त तपासलं, तर तिथं या विळ्याच्या पेशीच्या आजाराचे, म्हणजे सिकलसेलचे, वाहक सापडले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत डनलॉप आणि मजुमदार यांना तेच दिसलं. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाचाच, अशी पाश्चात्त्य वैद्यकाची ठाम समजूत होती. १९५६ मध्ये मुंबईच्या पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी आणि जी. एन. व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींत तो असल्याचं 'करंट सायन्स'मध्ये नोंदवलं.

आणि मग नागपूर. १९४७ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अजून दशकभराचंच होतं. विदर्भ आणि लगतच्या छत्तीसगडातून अशक्त, पिवळ्या डोळ्यांची, पोटात फुगलेली पाणथरी घेऊन आलेली मुलं तिथं यायची. चाचणी साधी होती. बोटातून रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर काचेचं झाकण, कडा बंद. आतला प्राणवायू संपत जातो आणि ज्या रक्तात दोष आहे त्याच्या गोल पेशी डोळ्यांदेखत वाकायला लागतात. डॉ. आर. एन. शुक्ल आणि डॉ. बी. आर. सोळंकी यांचं मध्य भारतातल्या सिकलसेलवरचं टिपण १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

नागपूर भागातल्या या नोंदींत एक गोष्ट होती, जी निलगिरी किंवा आसामात नव्हती. इथं हा दोष फक्त डोंगरातल्या जमातींत नव्हता. गोंड आणि परधान यांच्याबरोबर तो गावकुसाबाहेरच्या महार समाजात मोठ्या प्रमाणावर होता, आणि कमी प्रमाणात का होईना, कुणबी आणि तेली घरांतही सापडत गेला. म्हणजे रक्तानं गावाची वेस मानली नव्हती. याच नागपुरात दोनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ज्यांनी त्या दिवशी माणूस म्हणून नव्यानं उभं राहायचं ठरवलं, त्यांतल्या कितीतरी घरांत ही विळ्याची पेशी मुकाट्यानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिला नाव मिळालं, पण ते इंग्रजीत, लंडनच्या नियतकालिकात. घरात तिचं नाव 'रक्त कमी', 'हाडातला ताप', 'कावीळ' हेच राहिलं. कुणाच्या तोंडी 'बाहेरचं लागलं'.

ही पेशी इतकी पसरली कशी, याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिलं होतं. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक होतो, आजारी होत नाही, आणि हिवतापाचा जीवघेणा प्रकार त्याला तितकासा मारू शकत नाही. दोघांकडून आला तर मात्र मूल आजारी. जिथं डास मारतो तिथं वाहक जास्त जगतात, त्यांची लेकरं वाढतात, आणि काही लेकरं या जगण्याची किंमत मोजतात. गडचिरोली, मेळघाट, सातपुडा: हिवतापाचा जुना नकाशा आणि सिकलसेलचा नकाशा एकावर एक ठेवले तर बरेचसे जुळतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडचा सातपुड्याचा पायथा याच पट्ट्यातला. पूर्वेला वाशिम, हिंगोली, यवतमाळच्या डोंगरात आंध समाज राहतो. तोही या नकाशावर आहे.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सिकलसेल जातीतल्या जातीत लग्न केल्यानं जन्माला आला नाही. तो जगवला डासानं. पण वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता सोयरिकीचं वर्तुळ लहान असलं की वाढते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न ही तर अनेक समाजांत मानाची रीत. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींचा मिलाफ म्हटलं, तो याच अर्थानं.

कर्व्यांचं नाव या गोष्टीत केवळ ओघात येत नाही. त्या १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी असते, हे गुरूला सिद्ध करून हवं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. पुढं डेक्कन कॉलेजात त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची तुलना केली आणि ती १९६८ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त छापली. वर्ण एक, मान एक. पण या आठांचं मूळ एक असल्याचा पुरावा रक्तात आणि मापांत मिळाला नाही. जात म्हणजे फुटून वेगळं झालेलं एकच कुटुंब, ही कल्पना त्यांना टिकाऊ वाटली नाही. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले गट एका नावाखाली शेजारी बसले आणि आपापल्यातच लग्नं करत राहिले, हे त्यांचं म्हणणं.

नागपूरच्या टिपणाकडे परत येऊ, कारण माझा खरा सल तिथं आहे. १९५८ मध्ये आजार कळला. राज्य सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो २००८-०९ मध्ये. मधली पन्नास वर्षं काय झालं? संशोधन होत राहिलं. मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेत, नागपुरात, पुण्यात लोकांनी आयुष्यं घातली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे नंदुरबारच्या अक्राणी-धडगाव भागापासून गडचिरोलीपर्यंत पाड्यापाड्यांवर रक्त तपासत फिरले. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान यांच्यात काही ठिकाणी दर पाच माणसांत एक किंवा त्याहून जास्त वाहक असल्याचं त्यांच्या कामातून पुढं आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही सुरुवातीच्या काळात सिकलसेलची पाहणी केली. शास्त्राच्या दृष्टीनं मोलाचं हे काम लोकांच्या त्या वेळच्या तातडीच्या गरजेशी जुळलं नाही, असं डॉ. बंग यांनी स्वतःच मोकळेपणानं सांगितलं आहे. हे सांगायला धैर्य लागतं. कारण त्यातून दिसतं, की नुसतं 'तुमच्या रक्तात दोष आहे' असं कळवल्यानं माणसाच्या हाती काहीच लागत नाही. औषध कुठं, रक्तपेढी किती लांब, पोरीचं लग्न आता कसं व्हायचं, हे प्रश्न त्याच्याजवळच राहतात.

पन्नास वर्षांत किती लेकरं गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही, कारण दप्तरात त्यांच्या मरणापुढे सिकलसेल लिहिलंच जात नव्हतं. ताप, न्यूमोनिया, पंडुरोग. सहा महिन्यांच्या बाळाचे हात-पाय सुजतात, ते रात्रभर रडतं, आजी तेल चोळून शेकते. थोडं मोठं झालं की थंडीत, विशेषतः पहाटेच्या दहिवरात आईबरोबर कापूस वेचायला गेलं की हाडं ठणकायला लागतात; थंडी, तहान, ताप, दमछाक ही सगळी या दुखण्याला आमंत्रणं. शाळेत गैरहजेरी लागते. गुरुजींना वाटतं पोर आळशी आहे.

पाश्चात्त्य अभ्यासकांचा बराच काळ असा समज होता, की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. त्याला आधारही होता. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतात आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात हा दोष ज्या गुणसूत्र-तुकड्यावर बसला आहे, तो आफ्रिकेतल्या तुकड्यांहून वेगळा आहे. म्हणून आशियात तो स्वतंत्रपणे उपजला असावा. (२०१८ मध्ये श्रायनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून उलट मत मांडलं: सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकाच माणसात तो उपजला आणि तिथून सगळीकडे गेला. वाद अजून पुरता मिटलेला नाही.) या आशियाई तुकड्याबरोबर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकतं, आणि ते विळा होऊ देत नाही. १९४८ मध्येच ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांना दिसलं होतं, की आजारी मुलांच्याही रक्तात जन्मावेळी विळे फारसे नसतात. आईच्या पोटातलं ते हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असतं.

पण 'सौम्य' हा शब्द नागपूरच्या वॉर्डात टिकला नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह यांच्या गटानं इथल्या मुलांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. बाळं जन्मताच तपासली, त्यांचा पाठपुरावा केला. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असूनही यांतली पुष्कळ मुलं वारंवार दाखल होतात, त्यांना रक्त द्यावं लागतं, काही लहानपणीच दगावतात, हे त्यातून सिद्ध झालं. हायड्रॉक्सियुरिया नावाचं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवणारं औषध कमी मात्रेतही इथल्या मुलांना उपयोगी पडतं, हेही डॉ. जैन यांनी दाखवलं. कॅप्सूल स्वस्त आहे. ती आपल्या मुलांना मिळाली पाहिजे हे ठरायलाही वेळ लागला.

त्यानंतरची पावलं भराभर पडली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना स्थान मिळालं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली: तीन वर्षांत सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटनाचं लक्ष्य. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. जन्मानंतर बंद पडलेला गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचा झरा तो पुन्हा वाहता करतो. म्हणजे निसर्गानं विदर्भातल्या मुलांना जे थोडंसं दिलं होतं, तेच पुरेसं करून द्यायचं. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली.

दरम्यान आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधाची साक्ष जनुकांनीच दिली. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी, हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंह, हार्वर्डचे डेव्हिड राईश आणि इतरांनी भारतीय समूहांचे जनुकसंच वाचून सांगितलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं सगळ्यांची सगळ्यांशी सरमिसळ झाली. दूर डोंगरातल्या जमातीही तिच्यातून सुटल्या नाहीत. त्यानंतर दारं बंद होत गेली. २०१७ मध्ये यातल्याच काहींनी अडीचशेहून जास्त दक्षिण आशियाई समूह तपासले; त्यांतल्या ८१ समूहांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. त्या दोन्ही समाजांत अशा खुणेमुळे विशिष्ट आनुवंशिक आजार साचलेले आहेत, म्हणून जग त्यांचा अभ्यास करतं.

हे वाचताना मला तळं आठवलं. पाणी आत आलं, बाहेर जायची वाट बंद झाली, क्षार साचत गेले.

आज आमच्या भागातल्या उपकेंद्रात, आश्रमशाळेत किंवा महाविद्यालयात तपासणी होते ती अशी: छोट्या नळीत द्रावण असतं. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडतात. नळीमागे काळ्या रेषा छापलेला कागद धरतात. द्रावण नितळ राहिलं तर रेषा स्पष्ट दिसतात. गढूळ झालं तर रेषा दिसेनाशा होतात. गढूळ म्हणजे दोष आहे, एकाकडून आलेला की दोघांकडून, ते या नळीला कळत नाही. त्यासाठी नमुना पुढं मोठ्या यंत्राकडे जातो. मग अहवाल येतो, रंगीत कार्ड मिळतं, समुपदेशक समजावून सांगतात. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक. मूल वाहकही नसण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन. नेमकं इथं बरेच आईबाप चुकतात. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. आणि वाहकानं लग्नच करू नये, असंही कुणी म्हणत नाही. वाहक नसलेल्या जोडीदाराशी त्याचं लग्न झालं तर सिकलसेलचं आजारी मूल होत नाही. गुण जुळवायला पत्रिका काढतात, त्याच बैठकीत ही दोन कार्डं समोर ठेवायची, एवढंच सांगणं असतं.

पण कार्ड दाखवायचं धाडस बहुतेक वेळा मुलीकडच्यांना होत नाही. मुलगा वाहक निघाला तर बोलणी चालू राहतात, मुलगी निघाली तर मोडतात. म्हणून कितीतरी घरांत ते कार्ड कपाटात, साड्यांच्या घडीखाली असतं.

नर्सताई नळी उचलून उजेडाकडे धरतात. समोर बाकावर अकरावी-बारावीच्या मुली रांगेनं बसलेल्या असतात, टोचलेल्या बोटावर कापूस दाबून. प्रत्येकीची मान थोडी पुढं आलेली असते, आपल्या नळीमागच्या रेषा दिसतात का, ते पाहायला.